मनगटावरचा लसूण

"...मग काचेत ज्या पेशी मरतात, त्या आईच्या पोटात का मरणार नाहीत, बाबा?"

श्रीरंगने नूरशाबाबांना विचारलं. गुरुवार होता. गावाबाहेरच्या आपल्या तकियात, फकिराच्या त्या मठीत, लिंबाच्या सावलीतल्या ओट्यावर ते नियाजच्या, गोरगरिबांना वाढायच्या जेवणासाठी लसूण सोलत बसले होते.

याच ओट्यावर श्रीरंग डुंबऱ्याने लहानपणी बाबांकडून पाढे पाठ केले होते. आता तो मोठा शास्त्रज्ञ झाला होता, आणि स्वारी अगदी हवेत होती.

लसणाच्या सबंध पाकळीत औषध नसतंच, तो सांगत सुटला. आत दोन द्रव्यं शेजारी शेजारी, पण वेगळी राहतात. ठेचलं की ती भेटतात आणि तिसरंच काही जन्माला येतं. ते काचेच्या बशीत सोडलं की कर्करोगाच्या पेशी दिवसभरात गळून पडतात. हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, एकदा नव्हे, शंभरदा.

आणि तोच रोग आईच्या पोटात होता.

उद्या दवाखान्यात तिच्या इंजेक्शनची तारीख होती. ती रद्द करून नुसता आपला लसणाचा अर्क द्यायचा, असं त्याने ठरवलं होतं. आई बाबांचा शब्द मोडत नसे. तेवढं बाबांनी तिला सांगावं, एवढ्यासाठी तो पुण्याहून आला होता. चार दिवसांपासून अर्क सुरूही होता, सकाळी उपाशीपोटी.

"तिला विचारलंस?"

"विचारलं की. बरं वाटतंय म्हणते."

तिच्या ताटातली भाकरी मात्र तशीच परत येते, हे त्याने सांगितलं नाही. त्याला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

बाबांनी एक पाकळी दगडावर ठेचली. त्याचा हात ओढून घेतला, ठेचा मनगटावर थापला, वर फडकं बांधलं.

"बस. माझा लसूण सोलून होईस्तोवर."

श्रीरंग बसला...

लोबानाचा धूर लिंबात विरत होता. पारवे घुमत होते. लसणाची सालं वाऱ्याने उठत, ओट्यावरून तरंगत जात. त्याचे डोळे जड झाले. तो सात वर्षांचा होता, आणि आई पाट्यावर लसूण-मिरची वाटत होती. बोटं लालबुंद. हाताची आग होते का गं, त्याने विचारलं. छे रे, ती म्हणाली, आणि हात पदराखाली घेतला...

मनगट कोमट झालं. मग चुरचुरलं.

तो हलला नाही. एवढ्याशा लसणाला भिणारा तो नव्हता. बाबा सोलत राहिले, एकेक पाकळी, सावकाश.

मग मात्र आगच लागली.

"बाबा, भाजतंय... सोडा."

बाबांनी लगेच फडकं सोडलं. मडक्यातलं गार पाणी ओतलं, आपल्या उपरण्याने हात टिपला. कातडी लालभडक झाली होती. अजून थोडा वेळ गेला असता तर फोडच आले असते.

श्रीरंग मनगटाकडे बघत राहिला. मग त्याला ती परत आलेली ताटं आठवली.

"पण ती म्हणाली... बरं वाटतंय म्हणाली, बाबा."

बाबांनी पुढची पाकळी उचलली.

"तू बोललास म्हणून सुटलास, बेटा... तुझी आई बोलायची नाही."