झिजायचं कुणी?

“म्हणजे वात नव्हे म्हणता?”

त्रिविक्रमानं विचारलं आणि उजवा हात हळूच उपरण्याखाली सरकवला.

“वात असेल की,” उद्धवबुवा म्हणाले. “मी कुठं नाही म्हटलं?”

नदीवर धुकं उतरलं होतं. घाटाच्या पायऱ्या खाली जाता जाता मधेच कुठंतरी नाहीशा होत होत्या. मठाची ओसरी, ओसरीवर गुरू आणि शिष्य, दोघांच्या मधे सहाण आणि चंदनाचं खोड... एवढंच काय ते जग उरलं होतं.

पादुकांसाठी पहाटेचं गंध उगाळायचं, ही सेवा त्रिविक्रमाची. बुवांच्या कपाळी लागायचं तेही त्याच वाटीतलं. त्या खोडाला हात लावायची दुसऱ्या कुणाची छाती नव्हती. मठात नवा कोणी आला की हा त्याला ऐकवायचाच, “चंदनासारखं झिजावं लागतं, बाबा! हे काय भाजी निवडणं आहे?”

आता बघा. अंगठ्याच्या मुळाशी सूज. सकाळी मूठ वळेना. तांब्या उचलायला गेला की कळ थेट कोपरापर्यंत. काल तर भर पूजेत पळी हातातून निसटली, आणि बुवांनी ते पाहिलं.

म्हणून त्रिविक्रम घाबरला होता. दुखण्याला नव्हे हो. हात गेला तर सेवा जाईल, या भीतीनं त्याला रात्रभर झोप नव्हती.

“वैद्यबुवा म्हणतात, वात. आचारी म्हणतो, पहाटेचं गार पाणी बाधलं. आई म्हणते, लहानपणी चिंचेवरून पडलास, ते मनगट आता उट्टं काढतंय. आणि दर्शनाला येतात ना, त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हात एकाच तऱ्हेनं सारखा चालवला, वर जोर दिला, की अंगठ्याकडची शीर सुजते. काही दिवस हात थांबवा म्हणाल्या... यातलं खरं कुठलं, बुवा?”

“तुला कुठलं हवंय?”

त्रिविक्रमानं उपरणं हातावर आणखी ओढून घेतलं.

धुक्यात कुठंतरी एक टिटवी ओरडली.

“तुमची बोटं काय कमी वाकडी झालीत?” तो जरा घुश्शातच म्हणाला. “तुम्ही कुठं थांबवलात हात?”

बुवांनी दोन्ही हात पुढे धरले. पेरं आल्याच्या गड्ड्यासारखी फुगलेली.

“दुखतात रे. थंडीत तर विचारू नकोस. पण हे म्हातारपण. माझ्याकडे न बोलावता आलं. तू मात्र आवतण धाडलेलं दिसतंय.”

“मी? मी दुखणं बोलावलं?”

“उगाळ बघू.”

त्रिविक्रमानं हात बाहेर काढला. खोड मुठीत घट्ट आवळलं, तळवा वर रेटला, अंगाचा सगळा भार मनगटावर टाकला. सहाण करकरली. कळ आली तसे त्यानं दात आवळले. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मनात मात्र त्याला बरं वाटत होतं. बघू देत बुवांना, किती झिजतोय ते.

“पाणी?” बुवांनी विचारलं.

“पाण्यानं पातळ होतं. दाट हवं तर जोरच लावावा लागतो.”

“हं...”

बुवांनी खांद्यावरचा पंचा तांब्यात बुडवला आणि सावकाश कपाळ पुसलं. कालचं गंध निघून गेलं.

खाली कपाळ लाललाल झालेलं. बारीक बारीक ओरखडे, एकावर एक.

ती लाली त्रिविक्रमानं गंधाच्या कडेनं कितीदा पाहिली होती. पाहून हरखलाही होता. बुवांच्या कपाळी तेज फुटलंय, असं त्यानं बाजारात, घाटावर, एस.टी.च्या थांब्यावर, जो भेटेल त्याला सांगितलं होतं.

“बुवा! हे... हे काय?”

“तेज,” बुवा म्हणाले. “तूच सांगत असतोस ना गावभर?”

त्रिविक्रमानं सहाणेवरचं गंध बोटावर घेतलं, चिमटीत चोळलं.

कच.

पुन्हा चोळलं. कचच. दगडाची.

त्यानं पुन्हा बुवांच्या कपाळाकडे पाहिलं.

“सहाण झिजली,” बुवा म्हणाले. “मनगट झिजलं. माझं कपाळही थोडं झिजलं... खोड आपलं आहे तसंच.”

“बोलला का नाहीत हो? इतके दिवस सोसलंत, एका शब्दानं तरी...”

“तू कुठं बोललास?”

त्रिविक्रमाला रडू फुटलं. चांगला बाप्या माणूस, पण लहान पोरासारखा मुसमुसला. “काढून घ्या माझी सेवा. मी नालायक आहे... नाही, नको बुवा, काढू नका! हिच्यावाचून मला आहे काय दुसरं?”

“तुझी होय ती?” बुवांनी भुवया उंचावल्या. “मी आपला देवाची समजत होतो.”

त्यांनी सहाण स्वच्छ धुतली. खोड धुतलं. पाण्याचे चार थेंब शिंपडले आणि आपल्या वाकड्या बोटांच्या टोकांत खोड नुसतं टेकवलं.

खोड फिरू लागलं. जोर नाही, घाई नाही. आवाजही येईना.

“मी काय करू?” त्रिविक्रमानं डोळे पुसत विचारलं.

“बस नुसता. वास घे.”

तो बसला. आधी काहीच आलं नाही. मग धुक्यातूनच आल्यासारखा वास आला, मंद, गार... ओसरी भरली. घाट भरला. त्याला वाटलं, नदीच एक एक पायरी चढून वर येतेय, वास घ्यायला. किती वेळ गेला कोण जाणे. डोळे कधी मिटले, खांदे कधी सैल झाले, आवळलेली मूठ कधी मांडीवर उलगडून पडली, त्याचं त्यालाही कळलं नाही.

इतकी वर्षं गंध उगाळलं, पण हा वास त्याच्या नाकाला पहिल्यांदाच कळत होता.

मनगटाला गार लागलं तेव्हा त्यानं दचकून डोळे उघडले.

सहाणेवर गंध लोण्यासारखं जमलं होतं, दाट. त्या गंधाचं पहिलं बोट बुवांनी त्रिविक्रमाच्या सुजलेल्या अंगठ्याच्या मुळाशी लावलं होतं आणि आता ते जुन्या पंच्याची पट्टी फाडून अंगठा मनगटाशी अलगद बांधत होते.

“अहो बुवा! काय करता हे?” त्रिविक्रम हात ओढून घेऊ लागला. “पादुका अजून कोरड्या आहेत! पूजेची वेळ टळतेय, देव तिष्ठत बसलाय, आणि आधी मला?”

बुवांनी गाठ मारली. फार घट्ट नाही, फार सैल नाही.

“देवाला थांबता येतं रे,” ते म्हणाले. “तुलाच तेवढं शिकायचंय.”