किल्ल्यातली बोलकी फळी

चिंव... चिंव... फार पूर्वी जपानमधल्या एका लाकडी किल्ल्यात पाऊल पडलं की जमिनीची फळी न फळी अशी बोलायची. चोरपावलांनी येणारा शत्रू कळावा म्हणून सुताराने तिच्याखाली लोखंडी पट्ट्या बसवल्या होत्या.

पुढे लढाया संपल्या. नव्या सरदाराला आवाज नकोसा झाला. म्हातारा सुतार गेंझो पट्ट्या काढायला आला.

"संपली तुझी बडबड!" खांब शेजारच्या फळीला हसला. "आता शत्रू कुठला?"

"शत्रू नसला तरी माणसं येतातच ना, दादा," फळी म्हणाली. "ह्याचंच बघ. बापासारखाच डावा पाय घासत येतो. त्याच्या बापानेच तर मला बोलतं केलं."

फळीचा आवाज ऐकून गेंझो थबकला; बापाच्या पायाखालीही ती अशीच वाजायची. त्याने डावा पाय पुन्हा फळीवर घासला. चिंव.

मग पट्ट्या तशाच ठेवून, हातोडी पिशवीत टाकून तो निघून गेला. दारापर्यंत फळ्या बोलत राहिल्या.