साहेबांनी सांभाळलेला वॉर्ड

आपल्याला चकवणारा अजून जन्माला यायचाय, असं भिवा आबा छाती ठोकून सांगायचे आणि लगेच म्हणायचे, "आमची म्हैस सोडून." तिनंच लाथ घालून त्यांचं मांडीचं हाड मोडलं होतं, म्हणून तर ते ट्रस्टच्या दवाखान्यात पाय टांगून पडले होते.

तीस खाटांच्या त्या वॉर्डात हेमांगी सिस्टर आणि तिची जोडीदारीण, दोघीच दिवसभर पळत असायच्या. तिथं मोठे साहेब राऊंडला आले आणि म्हणाले, "केवढी शांतता! इथं एकच सिस्टर पुरे. दुसरी उद्यापासून स्पेशल खोल्यांकडे. अहो, एवढं तर मी एकटा सांभाळीन!"

"मग सांभाळा की तासभर!" आबा खाटेवरूनच ओरडले. सगळा वॉर्ड हसला. साहेबांना माघार घेता येईना. दोघी सिस्टर दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

लगेच आबांनी हाळी दिली, "अगं बायांनो, भिंतीवरची साहेबांची पाटी दिसत न्हाय व्हय? नातेवाइकांनी बाहेर थांबायचं! जावा, चहा पिऊन या." सलाईनवर नजर ठेवणाऱ्या, पाणी पाजणाऱ्या, कूस बदलून देणाऱ्या पेशंटांच्या घरच्या साऱ्या जणी उठून गेल्या.

झालं! एकाची सलाईन संपत आली, दुसऱ्याला उलटी झाली, तिसरा खाटेवरून उतरायला लागला. आबांनी तर लघवीच्या भांड्यासाठी टाहोच फोडला. साहेबांना घाम फुटला.

"सिस्टर, एरवी कुठं असतो हा गोंधळ? रोज हे सगळं करतं कोण?"

हेमांगी सिस्टर धावत येऊन सलाईन बदलत म्हणाली, "निम्मं आम्ही दोघी करतो, निम्मं त्या बाहेर चहा पिणाऱ्या. आता त्यांना पगारावर घेता, साहेब, की माझी जोडीदारीण इथंच ठेवता?"