पिवळ्याला पिवळी

वेळ सकाळी सहा वाजून दहा मिनिटांची. ठिकाण धरणाखालच्या नदीकाठी पत्र्याची खोली. बाहेर धुके इतके दाट की नदी दिसत नव्हती, तिचा आवाज तेवढा येत होता.

नदीच्या वाळवंटातल्या कलिंगडांच्या वाड्यांना पाणी वाढल्याची सूचना देणारा भोंगा मुका होता. नदीतल्या खांबावरचे इलेक्ट्रॉनिक कार्ड पाणी मोजून तारेवरून आकडा पाठवी. भोंगा वाजवणाऱ्या, खोलीतल्या कार्डापर्यंत तो पोहोचतच नसे. अकराला धरणाची दारे उघडणार होती. एका वृद्ध कारागिराची शिष्या तिसऱ्यांदा कार्ड बदलून थकली होती. तिची आई रोज त्या वाळूत राबायची.

"कार्डंच भिकार येतात," ही यंत्रणा बसवणारा कंत्राटदार दारातून म्हणाला. "कंपनीला कळवा."

शिष्या शेजारी बसलेल्या वृद्धाकडे वळली. "आज आईला मी धावत जाऊन सांगेन, अण्णा. रोज कोण धावणार?"

वृद्धाने तिच्या केसांतली पिन मागितली. टोके ब्लेडने खरवडली, खोलीतल्या कार्डाची तार काढली आणि त्याची बोलायची व ऐकायची जागा त्या पिनेनेच जोडली.

"अण्णा, आता ते कुणाशी बोलणार?"

"स्वतःशी. पाठव काहीतरी."

तिने लॅपटॉपवरून आईचे नाव पाठवले. पैलतीरावरून हाक परतावी तसे ते नाव पडद्यावर परत उमटले. खांबावरच्या कार्डानेही तेच केले. क्षणभर तिला वाटले, धुक्यातून आईनेच ओ दिली.

"दोघांनाही बोलता येतं, ऐकताही येतं," वृद्ध म्हणाला. "उगाच बदनाम केलं त्यांना. आता दोघांच्या तारा जुळतात ती मधली पेटी उघड."

"तिला सील आहे!" कंत्राटदार पुढे सरला. "बसवल्यापासून कुणी हात लावलेला नाही."

"मग आपण लावू."

सील तुटले. आत जोडणी देखणी होती: पिवळ्याला पिवळी, हिरव्याला हिरवी. शिष्या पाहत राहिली. दोन्ही कार्डांची पिवळी तार बोलायची होती, हिरवी ऐकायची.

"रंग जुळवणाऱ्याला वाटलं, काम चोख झालं," वृद्ध म्हणाला. "तोंडाला तोंड बांधलं, कानाला कान. दोघंही इमानाने बोलत राहिली, ऐकणारं कुणीच नव्हतं. बिघाड शोधताना आधी प्रत्येकाला त्याचाच आवाज ऐकवावा. तो ऐकू आला, तर दोष मधल्या जोडणीत."

तिने तारा उलटसुलट केल्या आणि काठावर जाऊन खांबावरचा, पाण्याबरोबर वर चढणारा तरंगता गोळा बांबूने उचलला. भोंगा घुमला. धुक्यात वाळूवरच्या पुसट आकृत्या उभ्या राहिल्या आणि एकेक करून काठाकडे चालू लागल्या. त्यांतली एक चाल तिने ओळखली.

खोलीत परतताना तिची नजर भिंतीवरच्या उद्घाटनाच्या संगमरवरी पाटीवर गेली.

"अण्णा, उद्घाटनाला आम्ही सगळे होतो. मान्यवरांनी बांबूने हाच गोळा उचलला आणि भोंगा वाजला होता."

वृद्धाने तुटलेले सील उचलून कंत्राटदाराच्या तळहातावर ठेवले. सीलवरची तारीख उद्घाटनाच्या आदल्या दिवसाची होती.

त्या दिवशी भोंगा कोणी वाजवला, हे अजून कोणी सांगितलेले नाही.