जिराफाची चिठ्ठी

दहावीतली हेमांगी वर्गात सगळ्यांत उंच. तिच्या प्रत्येक फोटोखाली कुणीतरी खोट्या नावाने एकच ओळ टाकायचं, "ए जिराफ, मान खाली घाल!" पोरगी खरंच पोक काढून चालू लागली. मी तिचा पीटीचा मास्तर, "ताठ चाल" म्हणून म्हणून माझा घसा बसला. हे उद्योग शाळेच्या अध्यक्षांच्या चिरंजीवांचे, विश्वजितचे, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. पण बोलणार कोण?

स्नेहसंमेलनात फिशपॉण्ड होते. निनावी टोमण्यांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, निवेदकाने माईकवर वाचायच्या. निवेदक अर्थातच विश्वजित. चिठ्ठी आधी मनात वाचून बघायची, एवढा धीर त्याला कुठला! एक उघडली आणि तोऱ्यात वाचून मोकळा झाला.

"ए जिराफ, मान खाली घाल! नाव लपवून हे लिहिणाऱ्या शूरवीरा, हिंमत असेल तर हेच स्टेजवर, माईकवर, सगळ्यांसमोर बोलून दाखव."

हेमांगी टाळ्या वाजवत उठली. "शाब्बास विश्वजित! बोललास एकदाचा!"

सभागृहात हशा उसळला. विश्वजित लालबुंद. "मी... मी फक्त वाचलं!"

हेमांगी ताठ चालत स्टेजवर आली. तिने माईकचा दांडा वीतभर वर सरकवला. शेजारी विश्वजित मान खाली घालून उभा होता. ती त्याच्याकडे बघून हसली.

"मान वर कर रे," ती म्हणाली. "खाली घालून किती दुखते, मला माहितीये."