खडूची रेघ

"उस्ताद, दाराची वरची कड घासून टाकू?"

अभिनंदन चौगुलेच्या हातात ग्राइंडर होता. समोर अठ्ठावन्न सालची निळी गाडी. चॅसीचं, म्हणजे खालच्या सांगाड्याचं, गंजलेलं लोखंड कापून, नवं वेल्ड करून, आज दुपारी त्यानं दारं बसवली होती. दार लागत नव्हतं. वरच्या बाजूला फट नावालाही नाही, खाली मात्र करंगळी जाईल एवढी.

दस्तगीर उस्ताद गॅरेजमध्ये स्टुलावर बसून चहा पीत होते. कोल्हापुरात चाळीस वर्षं त्यांनी गाड्यांचे पत्रे सरळ केले होते.

"वेल्डिंग कशाचं केलंस?"

"चॅसीचं."

"मग घासतोस दार?"

"चॅसी बरोबर आहे. मी मोजलीय. एक मिलिमीटरचाही फरक नाही."

"कुठं मोजलीस?"

"स्टँडवर."

"स्टँड कुठं होते?"

"पुढं दोन, मागं दोन…"

आणि अभिनंदन थांबला.

महिन्यापूर्वी उस्ताद म्हणाले होते, "मधे टेकू दे, दारं लावून वेल्ड कर." तेव्हा त्यानं कागदावर आकडे मांडून दाखवले होते. इंजिनिअर होता तो. दारांचं वजन उगाच कशाला, म्हणाला होता. उस्तादांनी कागद नीट घडी करून परत दिला होता.

आता उस्ताद उठले. जॅक सरकवत नेला, गाडीच्या पोटाखाली बरोबर मधोमध लावला.

दांडा दोनदा दाबला.

वरची फट उघडली.

जॅक सोडला.

फट मिटली.

"दार कुणी हलवलं?" उस्तादांनी विचारलं.

"…कुणीच नाही."

अभिनंदन खाली बसला. गाडी मधेच झोळीसारखी लवली होती, आणि त्यानंच वेल्ड करून तिला तशी जखडून टाकली होती. उद्या सकाळी त्याची सरोजिनी आत्या गाडी न्यायला येणार होती. सत्तरीची. याच गाडीवर ती चालवायला शिकली होती. तिला शब्द दिला होता.

"दार घासलं तर आजच लागेल," तो पुटपुटला.

"लागेल की. रस्त्यावर पहिला खड्डा येईपर्यंत."

उस्तादांनी खिशातून खडू काढला. दाराखालच्या पट्टीवर अभिनंदनचं सगळ्यात देखणं वेल्डिंग होतं. खवल्यावर खवला, एकसारखं. फोटो काढून मित्रांना पाठवलं होतं त्यानं.

त्यावरच उस्तादांनी आडवी रेघ मारली. पलीकडच्या बाजूला तशीच दुसरी.

"इथनं काप."

"हे…? उस्ताद, यात आठ दिवस गेलेत माझे!"

उस्तादांनी चहाचा उरलेला घोट घेतला.

अभिनंदननं त्या खवल्यांवरून एकदा अंगठा फिरवला.

मग ग्राइंडर सुरू झाला. ठिणग्या उडाल्या. दुसरी बाजू सुटली तशी गाडी 'टण्' अशी वाजली. अभिनंदन दचकला… आणि मोठ्यानं हसला.

"श्वास सोडला हिनं!"

मधे टेकू दिला. दारं जागेवर ठेवून टाका घातला, फट बघितली. पुन्हा टाका, पुन्हा फट. जॅकचा दांडा उस्तादांच्या हातात, वेल्डिंगची गन त्याच्या. दिवेलागणीला दोन्ही दारांभोवती सगळीकडून एकसारखी फट होती. टाके जोडून पक्कं केलेलं वेल्डिंग मात्र ओबडधोबड दिसत होतं.

त्यानं दार लावलं. खट्.

उघडलं. लावलं. खट्. सात-आठ वेळा तेच. उस्ताद तोंडाला रुमाल लावून हसत होते.

सकाळी आत्या आली. एका बोटानं दार ढकललं. खट्.

"अगं बाई! मी शिकले तेव्हाही असं लागत नव्हतं!" म्हणाली, आणि साडीचा पदर खोचून स्टीअरिंगवर बसली. गल्लीच्या टोकापर्यंत हॉर्न वाजवत गेली.

अभिनंदन तिकडं बघत राहिला. मग उस्तादांकडे वळला.

"महिनाभर तुम्ही इथंच बसला होता. एकदाच सांगितलंत, मग गप्प. दुसऱ्यांदा का नाही सांगितलंत?"

उस्तादांनी त्याच्या खांद्यावरचा लोखंडाचा भुसा झटकला.

"कुणाला सांगणार, बाळा? शिकायला तू तर काल दुपारी आलास."