म्हाताऱ्या धनेशाची खिडकी

माणसांची वाट अजून रानात पोहोचली नव्हती, तेव्हा एका धनेश पक्ष्याने युक्ती काढली. मादी अंडी घालायला ढोलीत बसली की चिखलाने दार लिंपायचं आणि चोचीपुरती फट ठेवायची. घोरपडीला आत शिरता येईना. धनेशाचं नाव रानभर झालं. म्हातारपणी त्याने उंबराची झाडं ताब्यात घेतली आणि नव्या जोडप्यांना तो फळं पुरवू लागला.

केवडा नावाचा तरणा धनेश त्याच्याकडे आला.

म्हातारा म्हणाला, "हवी तेवढी फळं ने. फक्त फट माझं डोकं आत जाईल एवढी ठेव."

"आजोबा, चोचीपुरतीच ठेवायची, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"तेव्हा ढोली माझी होती. आता फळं माझी आहेत. ती कुठे जातात, ते मला दिसायला हवं."

केवड्याच्या ढोलीतल्या मादीची पिसं झडली होती, तिला उडता येत नव्हतं आणि ती उपाशी होती. केवड्याने मान डोलावली.

एका सकाळी म्हाताऱ्याने केवड्याच्या ढोलीच्या त्या रुंद फटीत, आपल्या खिडकीत, डोकं घातलं. आतून घोरपडीने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडाला पिसं चिकटली होती.

तो कसाबसा फांदीवर येऊन बसला. चोच मिटेना. "माझ्या ढोलीत असं कधी झालं नव्हतं," तो पुटपुटला.

उंबर घेऊन आलेल्या केवड्याने ते खाली टाकलं.

"तुमच्या ढोलीला खिडकी नव्हती."